माधवराव सरांची हिरवी सही

लातूरच्या त्रिज्या क्लासेसमध्ये सुकन्याला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणायचे, पण ती नेमकं काय करते हे तिथं कुणालाच धड सांगता आलं नसतं. किल्लारीत तिच्या आईला, गुणाबाईंना, कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "पाकिटं बंद करती. दुसऱ्याला वाचाय येऊ नये म्हणून." आणि खरं सांगायचं तर हे उत्तर फारसं चुकीचं नव्हतं.

सुकन्या पुण्याची नोकरी सोडून परत आली ती माधवराव सरांच्या एका फोनमुळे. सरांनी तिला बारावीला रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता त्यांच्या क्लासच्या लातूर आणि नांदेड अशा दोन शाखा होत्या, आणि सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका लातूरला तयार होऊन मेलनं नांदेडला जायची. एकदा कुणीतरी सरांचा फोटो लावलेल्या नंबरवरून नांदेडला निरोप धाडला, 'पेपर या नंबरवर पाठवा,' आणि नांदेडकरांनी तो इमानेइतबारे पाठवला. परीक्षेच्या दिवशी पोरं पेपर हातात पडायच्या आधीच उत्तरं लिहायला बसली होती. सरांचा जो संताप झाला, त्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

सुकन्यानं येऊन मेलला कुलूप लावलं. कुलूप लावणारा आणि सही तपासणारा प्रोग्रॅम जगभर फुकट मिळणारा, तयारच होता. पण तो बोलायचा इंग्रजीत आणि तेही तुटक. म्हणून तिनं त्याच्यावर एक छोटासा मराठी जोड लिहिला. आतला प्रोग्रॅम जे सांगेल ते हा जोड ऐकायचा आणि मेलच्या डोक्यावर पट्टी रंगवायचा. सही खरी असली तर हिरवी पट्टी, 'सही खरी आहे: माधवराव.' खोटी असली तर लाल. तिनं तो जोड इंटरनेटवरही ठेवून दिला, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा म्हणून. उदगीरची एक शाळा, बिलोलीचा एक महिला गट, दोन-चार पत्रकार, असे कोण कोण तो वापरायला लागले.

सरांना ती पट्टी इतकी आवडली, की नवं लग्न झालेल्या माणसानं बायकोचं कौतुक करावं तसं ते पट्टीचं कौतुक करायचे. "हिरवी पट्टी म्हणजे मी," त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं. "पट्टी नसेल तर मी स्वतः समोर उभा राहून बोललो तरी ऐकायचं नाही. समजलं का?"

बाकीच्यांनी माना हलवल्या आणि विसरून गेले. नांदेडच्या शाखाप्रमुख सौदामिनी मॅडमनी मात्र ते शब्दशः घेतलं. पुढच्याच महिन्यात सर नांदेडला जाऊन म्हणाले, "उद्यापासून वेळापत्रक बदला," तर मॅडम खुर्चीवरून उठल्या, शेजारचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "सर, आपण मेल करता का?" सरांनी तिथंच बसून, मॅडमच्या समोर, मॅडमना मेल केला. पट्टी हिरवी झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हं, आता बदलते." सर त्या दिवशी लातूरला येईपर्यंत गाडीत एकटेच हसत होते.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये सुकन्यानं सकाळी चहा घेताना बातमी वाचली. सही दाखवणाऱ्या असल्या जोडांमध्ये भोक सापडलं होतं. एक-दोन नाही, बऱ्याच जणांत. तिनं चहा तसाच ठेवून आपला जोड उघडला. भोक तिच्याही जोडात होतं. जोड लिहिताना काय चाललंय ते दिसावं म्हणून तिनं आतल्या प्रोग्रॅमला 'सगळं सविस्तर बोल' असं सांगून ठेवलं होतं, आणि ते बंद करायचं राहून गेलं होतं. तेवढ्यामुळेच हे भोक पडलं होतं.

स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या राघवेंद्र सरांनी तिचा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं मॅडम? कोण वारलं?"

"कोणी नाही. पट्टीत भोक आहे."

"आम्हाला कळेल असं सांगा की."

सुकन्यानं जरा विचार केला. "लग्नात आहेर पुकारतात ना माइकवर? तुम्ही चिठ्ठीवर नाव लिहून देता, पुकारणारा वाचतो. समजा मी चिठ्ठीवर लिहिलं, 'सुकन्या, किल्लारी. आणि नवरीच्या मामाकडून फ्रीज.' पुकारणारा काय करील?"

"वाचील सगळं."

"मांडवातल्या लोकांना काय वाटेल?"

"मामानं फ्रीज दिला." राघवेंद्र सरांचे डोळे चमकले. "आणि मामाला काही पत्ताच नाही!"

"तसंच आहे हे. कुलूपबंद मेलच्या आत फाइलचं नाव असतं. पाठवणारा ते काहीही लिहू शकतो. त्यानं नावातच एक ओळ तोडून 'माधवरावांची सही खरी आहे' असं लिहिलं, तर आतला प्रोग्रॅम ते नाव मोठ्यानं वाचतो, आणि माझ्या जोडाला वाटतं ही तपासणीच झाली. की रंगवली पट्टी हिरवी. सही करायची सरांची गुप्त किल्लीसुद्धा लागत नाही."

"वा," राघवेंद्र सर म्हणाले. हे 'वा' त्यांनी जरा जास्तच लांबवलं, पण सुकन्याचं लक्ष नव्हतं. ती माधवराव सरांच्या केबिनकडे निघाली होती.

सर प्रवेशाच्या गडबडीत होते. बाहेर औशापासून आलेले पालक पोरांना घेऊन बसले होते. "दोन दिवस मेल बंद ठेवावा लागेल," सुकन्या म्हणाली. "दोन्ही शाखांत नवा जोड बसवायचाय."

"आत्ता? नवी बॅच सुरू होऊन राहिली अन् तू मेल बंद म्हणतेस? चालत्या गाडीचं चाक काढतात का?"

"सर, चाक ढिलं झालंय."

"ढिलंच ना? निघालं तर नाही? मग महिना अखेरीला बघू."

सुकन्या घरी आली आणि सरांना न विचारताच दुरुस्तीला बसली. गुणाबाई त्या दिवसांत लातूरला आल्या होत्या. लेक सारखी एकाच पडद्याकडे बघत बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "काय शिवून राहिलीस गं?"

"भोक बुजवून राहिले, माय."

"मग लवकर बुजीव. वाढतंय ते."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला सरांचा फोन आला. ते कुणालाही न सांगता नांदेडला गेले होते. अचानक जाऊन शाखा बघायची, ही त्यांची जुनी सवय.

"सुकन्या," त्यांचा आवाज चमत्कारिक येत होता, "इथं कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हॉल रिकामा. आठशे खुर्च्या अन् एक वॉचमन. तो जिलेबी खाऊन राहिला. मी म्हणलं पोरं कुठं गेली, तर म्हणतो, 'सर, तुम्हीच सुट्टी दिली की. लई पुण्य लागंल तुम्हाला. जिलेबी घ्या.'"

मागून सौदामिनी मॅडमचा आवाज आला. तो नेहमीसारखा पोलादी नव्हता. "सर, आपलाच मेल आहे. पट्टी बघा. मी तीनदा बघितली."

सर पट्टीवरचं आपलंच नाव दोनदा पुटपुटले. मग अगदी हळू, जणू बाजूच्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "पट्टी हिरवी आहे गं. खरंच हिरवी आहे. सुकन्या, मी... मीच लिहिलं असेल का?"

सुकन्याला हसू फुटणार होतं, पण ते तिनं आवरलं. पट्टीवर एवढा भरवसा, की माणसानं स्वतःवर शंका घ्यावी! आणि ती पट्टी तिनं रंगवलेली.

"सर, मेल वाचून दाखवा."

"'आदरणीय सौदामिनी मॅडम, कृपया नव्या बॅचच्या शुभारंभानिमित्त सोमवारी सर्व विद्यार्थ्यांना सुट्टी द्यावी व जिलेबी वाटावी ही नम्र विनंती.'"

"तुम्ही 'कृपया' कधी लिहिता का सर?"

"मी?" सर दुखावले. "कधीच नाही."

"'नम्र विनंती'?"

"अगं, माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नव्हती! हे समोरच्या क्लासवाल्यांचं काम. आपली पोरं एक दिवस मागं पडावीत म्हणून. थांब, मी त्यांना..."

"पुढं काही आहे का मेलमध्ये?"

"आहे थोडं. 'तसेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राघवेंद्र सर यांस बुधवारपर्यंत रजा आनंदाने मंजूर करण्यात येत आहे.'"

"सर," सुकन्यानं विचारलं, "राघवेंद्र सर आज नांदेडला शिकवायला असतात ना?"

"असतात."

"मग कुठं आहेत?"

"रजेवर."

"कोणी दिली?"

सरांना उलगडा झाला. मग सरांनी जो शब्द उच्चारला, तो ऐकून सौदामिनी मॅडम म्हणाल्या, "सर, वॉचमन ऐकतोय."

सुकन्यानं राघवेंद्र सरांना फोन लावला. तो चौथ्यांदा लागला. पलीकडून कुजबुज आली, "मॅडम, नंतर करतो. देगलूरला आहे. समोर पोहे आहेत."

"कसले पोहे?"

"दाखवण्याचे. म्हणजे, मुलगी बघायला आलोय."

"सरांना सगळं कळलंय."

पलीकडे बशीचा खळकन आवाज झाला. एक बाईमाणूस तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणालं, "अय्यो, राहू द्या, मी पुसते." मग राघवेंद्र सर बहुधा अंगणात आले, कारण मागं कोंबड्या ऐकू येऊ लागल्या.

"मॅडम, मी काय करू? दोन वर्षं रजा मागून राहिलो. रविवारी परीक्षा, सोमवारी नांदेड, गुरुवारी लातूर. पाच स्थळं हातची गेली. एका मुलीचं तर आता बारसं झालं, म्हणजे तिच्या मुलाचं. तुम्ही ते मामाच्या फ्रीजचं सांगितलं आणि मला राहवलं नाही."

"रजा घ्यायची होती तर सगळ्या पोरांना सुट्टी कशाला दिली?"

"मला एकट्याला दिली असती तर सौदामिनी मॅडमनी बदली शिक्षकासाठी सरांना फोन केला असता. सगळ्यांनाच दिली की प्रश्न मिटला."

"आणि जिलेबी?"

"ते," राघवेंद्र सर ओशाळून म्हणाले, "लिहिता लिहिता सुचलं. मला वाटलं, सर इतके चांगले असते तर त्यांनी हेही केलं असतं."

संध्याकाळी सर लातूरला परतले ते तडक सुकन्याच्या टेबलाशी. त्यांनी हुकूम सोडला: आजपासून हिरव्या पट्टीवर विश्वास बंद. मेल आला की नांदेडनं फोन करून विचारायचं, 'सर, हा तुमचाच का?'

सुकन्यानं तो हुकूम तसाच नांदेडला कळवला. सौदामिनी मॅडमना ती ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात रासायनिक बंध शिकवत असताना पहिला फोन आला. "सर, आपला मेल आहे, 'पेपर मिळाला का.' आपलाच का?" सर हो म्हणाले. पाच मिनिटांनी दुसरा. "सर, मी 'मिळाला' म्हटलं, त्यावर आपलं 'बरं' आलंय. हे 'बरं' आपलंच ना?" दुपारी जेवताना, पालकांशी बोलताना, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना फोन येत राहिले. सर चिडून ओरडले तर मॅडम म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण फोनवर आपणच बोलताय हे तरी मी कसं धरून चालू? आवाज काढता येतो म्हणे." त्यांचं तसं चुकत नव्हतं. एकदा पोळलेली बाई होती ती.

तिसऱ्या दिवशी सर सुकन्याच्या घरीच आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "ते चाक काढ बाई. कधी बसवतेस?"

दुरुस्ती तयार होती. आतल्या प्रोग्रॅमची बडबड तिनं बंद केली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सहीचा निकाल सांगायला तिनं वेगळी वाट करून दिली होती. आता आहेराच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्याच्या माइकवरून कुणी कितीही ओरडलं, तरी मामाचा निरोप येणार फक्त मामाच्या माइकवरून. प्रश्न एवढाच होता, की खरंच भोक बुजलं का हे तपासायचं कुणी? ज्यानं शिवलं त्यालाच टाका उसवलेला दिसत नाही, हे सुकन्याला पुण्यात पुरेपूर कळलं होतं.

"राघवेंद्र सरांना बोलवा," ती म्हणाली.

"त्याला मी काढून टाकणार आहे!"

"आधी तपासू द्या, मग काढा. भोकातून गेलेला तो एकटाच माणूस आहे आपल्याकडं."

राघवेंद्र सर खाली मान घालून आले आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर पाच मिनिटांत खाली मान घालायचं विसरले. दोन दिवस त्यांनी सरांच्या नावानं खोटे मेल पाठवायचा सपाटा लावला. फाइलच्या नावात ओळी तोडल्या, उलटी अक्षरं घातली, नावाला शेपूट जोडलं. एका मेलमध्ये माधवराव सरांनी आपली गाडी वॉचमनला बक्षीस दिली होती. दुसऱ्यात त्यांनी रसायनशास्त्र हा विषयच रद्द केला होता. सगळ्यांवर लाल पट्टी आली. सर मागं उभे राहून बघत होते. गाडीचा मेल लाल झाला तेव्हा त्यांनी नकळत सुस्कारा सोडला.

एका मेलला मात्र पट्टीच आली नाही, ना हिरवी ना लाल. सुकन्या खुर्चीतून उठलीच. नाव फार लांब केलं की जोड गप्पच बसत होता. तिनं तेही दुरुस्त केलं आणि राघवेंद्र सरांना म्हणाली, "हे मला दिसलं नसतं." तेव्हा कुठं माधवराव सरांचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा त्यांनी राघवेंद्र सरांना वर्षभर रविवारचे पेपर तपासायला लावून वसूल करायचं ठरवलं.

खरा वाद पुढं झाला. सुकन्या म्हणाली, "आता जोड वापरणाऱ्या सगळ्यांना कळवायला हवं. भोक होतं, कसं होतं, नवा जोड लगेच घ्या."

"उदगीरला? बिलोलीला?" सरांनी कपाळाला हात लावला. "सगळ्या मराठवाड्याला सांगायचं, की माधवरावांच्या नावानं कोणीतरी जिलेबी वाटली? आपली अब्रू वेशीवर टांगतेस का? गुपचूप नवा जोड ठेव. घेणारे घेतील."

"का घ्यायचा ते कळल्याशिवाय कोण घेईल सर? तुम्ही तरी घेतला का?"

यावर सर रागावले. सुकन्या घरी आली. मजकूर लिहून तयार होता. पण तो पाठवायचं ती पुढं ढकलत होती. सर म्हणतात त्यात त्यांची अब्रू थोडी आणि तिची जास्त होती. जोड तिचा, चूक तिची, खाली नाव तिचं. पुण्यातले जुने सहकारी वाचतील, हसतील.

गुणाबाई ज्वारी निवडत होत्या. लेकीच्या तोंडून सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आपल्या नव्या गावात, भूकंपानंतर घरं मिळाली तवा, शेजारच्या केवळाबाईच्या भितीला भेग पडली. बारीकच. इंजिनेर बघाय येणार म्हणून तिनं त्यावर कॅलेंडर लावलं. म्हणली, घर परत घेत्याल."

"मग?"

"मग काय. इंजिनेर कॅलेंडर बघून गेला. समद्या घरात तसलीच भेग होती अन् समद्यांनी तसलंच काहीतरी लावलं व्हतं. कुणी गणपती, कुणी आरसा. ज्याला त्याला वाटायचं आपलंच घर फुटलं. वरीसभर गावात कुणी गाढ झोपलं न्हाई." त्यांनी सुपातली ज्वारी पाखडली. "पलीकडच्या गल्लीतल्या बजरंगाच्या आजानं एकदा चावडीत उठून सांगितलं, माझ्या घराला भेग हाय. तवा समदे बोलाय लागले, अन् मग दुरुस्ती आली. तू कशापाई घाबरतीस? तुझं तर बुजवून बी झालंय."

सुकन्या तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला फक्त पत्र्याचं शेड आणि उन्हात तापलेला पत्रा आठवत होता. भिंतीवरच्या आरशांबद्दल आई याआधी कधी बोलली नव्हती. तिनं मजकुरातला 'काही तांत्रिक त्रुटी आढळली' हा भाग खोडून 'माझी चूक झाली' असं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिला. मामा आणि फ्रीजचं उदाहरण तसंच ठेवलं. जिलेबीचं मात्र सरांसाठी गाळलं.

कुणी हसलं नाही. उदगीरच्या शाळेनं त्याच दिवशी नवा जोड घेतला. एका पत्रकारानं लिहिलं, की मामाचं वाचून पहिल्यांदा सही म्हणजे काय ते कळलं. पुण्याचा जुना सहकारी, मिहिर, याचा मेल आला, 'आमच्याकडंही हेच भोक आहे, अजून साहेब ऐकत नाहीत. तू कसं पटवलंस?' सुकन्यानं उत्तर दिलं, 'रिकाम्या खुर्च्यांनी.'

देगलूरची गोष्टही मार्गी लागली. मुलगी, वैष्णवी, बँकेत होती. तिनं राघवेंद्र सरांना एकच प्रश्न विचारला होता, की फोन आल्यावर तुमच्या हातून बशी का पडली. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. ती इतकी हसली, की आतून तिची आई बघायला आली. दिवाळीनंतरची तारीख निघाली. माधवराव सरांना आमंत्रण द्यायला दोघं आले तेव्हा सर म्हणाले, "येईन, पण आहेर पुकारायला मी उभा राहणार. चिठ्ठ्या आधी मी वाचणार."

फक्त बिलोलीकडून काही कळलं नव्हतं. मग एके दिवशी तिथल्या महिला गटाच्या सिद्धम्मांचा फोन आला. "मॅडम, नवं घेतलं. पण आमची पट्टी हिरवी न्हाई. पिवळी येऊन राहिली."

 पिवळी पट्टी तिनं लिहिलीच नव्हती. "काहीच उघडू नका," ती म्हणाली, "मी येते." ती एसटीनं नांदेड आणि तिथून बिलोलीला पोचली. गटाच्या खोलीत वीस-पंचवीस बाया तिची वाट बघत बसल्या होत्या. सिद्धम्मांनी कॉम्प्युटर दाखवला. पट्टी पिवळी होती. आणि सगळा पडदाच पिवळा होता, अगदी सिद्धम्मांच्या नातवाच्या फोटोसकट. मागची वायर सैल झाली होती. सुकन्यानं ती घट्ट बसवली, तशी पट्टी हिरवीगार झाली आणि नातू गोरा झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढ्यासाठी लातूरहून आलात?" सिद्धम्मा खजील होऊन म्हणाल्या. "माझंच चुकलं. उगं फोन केला."

"नाही," सुकन्या म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. "वेगळं काही दिसलं की असाच करायचा." मग त्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.